झोपत झोपत वाढणाऱ्या साखळ्या

बँकेच्या नोकरीत 'निष्क्रिय खाते' हा शब्द मी हजारदा वापरला असेन. व्यवहार थांबलेला, पण खाते मेलेले नाही; खातेदार आला की ते पुन्हा जागे. निवृत्तीनंतर रसायनशास्त्राची पुस्तके चाळताना हीच कल्पना प्लॅस्टिकच्या जगात भेटली आणि मोठी मौज वाटली.

घरातले पीव्हीसीचे पाइप, थर्मोकोल, भिंतीच्या रंगातले अ‍ॅक्रिलिक ही सारी व्हिनाइल कुळातली मंडळी. छोट्या रेणूंचे मणी ओवून त्यांच्या लांबच लांब साखळ्या होतात. ओवणारे टोक म्हणजे मुक्त मूलक, मोठे उतावळे! क्षणभरात शेकडो मणी ओवते आणि दुसरे तसेच टोक भेटले की दोन्ही कायमची संपतात. त्यामुळे कोणती साखळी आखूड, कोणती लांब. पाइपाला हे चालते. औषधाच्या कामी चालत नाही.

१९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी न मरणाऱ्या साखळ्या करून दाखवल्या. पण त्यांना पाण्याचा थेंबही सोसत नसे. मग १९९५ मध्ये क्योतोत मित्सुओ सावामोतो यांनी रुथेनियम, तर पिट्सबर्गला क्रिस्तोफ मातियाशेव्स्की आणि जिन-शान वांग यांनी तांबे वापरून तोडगा काढला. टोकावर क्लोरीन किंवा ब्रोमीनच्या अणूची टोपी. धातूने ती काढली की साखळी जागी होते, मोजके मणी ओवते. टोपी परत घातली की झोपते. एका वेळी जाग्या फारच थोड्या, म्हणून टोकांची गाठ क्वचितच पडते आणि साऱ्या साखळ्या बरोबरीने वाढतात.

मूलकाला पाण्याचे वावडे नाही. अडचण तांब्याची. पाण्यात त्याच्याकडची टोपी निसटते आणि साखळ्यांना झोपवणारे कोणी उरत नाही. म्हणून ब्रोमाइडसारखे क्षार जादा घालतात. हळूहळू टोप्या घेऊन अडकून बसलेल्या तांब्याला पुन्हा कामाला लावायला 'क' जीवनसत्त्व! २०१२ मध्ये मातियाशेव्स्कींच्या गटाने ते पाण्यात सावकाश सोडत, अगदी थोड्या तांब्यात हे साधले.

एवढा खटाटोप कशासाठी? अनेक प्रथिनांची घडी सेंद्रिय द्रावकात मोडते. पाण्यात मात्र प्रथिनावरच साखळी वाढवता येते. अशा आवरणाने औषधी प्रथिन शरीरात अधिक काळ टिकू शकते. तांबे जितके कमी, तितके शेवटी काढून टाकायचेही कमी. माणसाच्या शरीरात जाणाऱ्या वस्तूत हा हिशेब चोखच हवा.