वाकळ : चिंध्यांचे आणि कष्टांचेही मोल

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्यांच्या बोचक्यात भांड्यांबरोबर वाकळही असते. फडाजवळच्या खोपीत पुढचे काही महिने तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. माजलगावच्या आपल्या मोहल्ल्यांतही वाकळ जुनीच. कुणी तिला गोधडी म्हणते, कुणी गुदडी.

वाकळीला नवे कापड लागत नाही. नेसून मऊ झालेली साडी, विरलेली लुंगी, ओढणी, लेकरांचे आखूड झालेले कुर्ते आणि शिंप्याच्या दुकानातले कात्रण एवढे पुरते. कपडे धुवायचे, शिवणी उसवायच्या, धड भाग कापून घ्यायचे. खाली साडी अंथरून मध्ये जुन्या कापडाचे थर द्यायचे, वर ठिगळे मांडायची आणि जवळजवळ धावदोरा घालत सगळे एकजीव करायचे. कुठल्या रंगाशेजारी कोणता रंग बसवायचा, हे बाई शिवता शिवता ठरवते. कागदावर नक्षी नसते, पण डोळ्यांत असते.

ठिगळ लावण्यात कमीपणा नाही. रसूलुल्लाह (स.) आपले कपडे स्वतः शिवत आणि जोडे दुरुस्त करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत आले आहे.

हेच काम कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी स्त्रिया करतात. सिद्दी हे मूळ आफ्रिकेतून आलेले लोक. त्यांच्यात मुस्लिम, ख्रिस्ती आणि हिंदू असे तिन्ही आहेत. त्यांची गोधडी म्हणजे ‘कवंदी’. ती कडेपासून शिवायला घेतात आणि फेऱ्या मारत मध्यापर्यंत येतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. मुस्लिम घरांतल्या कवंदीवर कधी चंद्रकोर दिसते, ख्रिस्ती घरांतल्या कवंदीवर क्रूस. अभ्यासक हेन्री ड्रेवाल यांच्या प्रयत्नांतून या कवंद्या परदेशात पोहोचल्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्रात त्यांचे प्रदर्शन भरले. घरात पांघरायची वस्तू तिथे कला म्हणून भिंतीवर टांगली गेली.

आपल्याकडे मात्र वाकळ शिवणारीला अजून “रिकाम्या वेळेचे काम” असेच ऐकावे लागते. थोडा हिशेब करून पाहू. समजा, रोज तीन तास बसून एक वाकळ वीस दिवसांत झाली, म्हणजे ६० तास लागले. ती १५०० रुपयांना गेली आणि दोरा-सुईला ३०० रुपये लागले, तर हाती १२०० उरले. तासाला फक्त २० रुपये! कापड फुकटचे असते, हात फुकटचे नसतात. म्हणून विकायला शिवणाऱ्या भगिनींनी आधी तास लिहून ठेवावेत, मग भाव सांगावा. घरच्यांनीही तिच्या कमाईवर तिचाच हक्क मानावा.

पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी मोठ्या वाकळीने सुरुवात करू नये. बाळाचे दुपटे, जानमाज किंवा कुरआन शरीफसाठी जुजदान असे लहान काम घ्यावे. दुपट्याला फक्त सुती कापड वापरावे, पॉलिस्टर घाम शोषत नाही. रंग जाणारे कापड आधी वेगळे भिजवून पाहावे. सारख्या जाडीची ठिगळे शेजारी ठेवावीत, म्हणजे धुतल्यावर चुण्या पडत नाहीत. टाके लहान ठेवावेत, कारण लांब टाका लेकरांच्या बोटांत अडकतो आणि लवकर तुटतो.

घरात शिवणारी आजी किंवा नानी असेल, तर हे काम तिच्याजवळ बसूनच शिकावे. वाकळ फाटली तर तिच्यावर नवे ठिगळ बसते. पण तिचा हात थांबल्यावर तो टाका कुणी शिकवायचा?