शीतजलाचें नगर : नैरोबी

आफ्रिका खंडाचा नकाशा फळ्यावर काढतांना विषुववृत्ताच्या किंचित् खालीं आम्ही वर्षानुवर्षें एक ठिपका देत असूं, आणि ‘केनिया, राजधानी नैरोबी’ असें मुलांकडून घोकून घेत असूं. त्या ठिपक्याच्या पोटांत काय आहे हें आम्हांसही ठाऊक नव्हतें. हें आतां कबूल करण्यास संकोच कशास? पुढें आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तेथें गेला, त्याचीं पत्रें येऊं लागलीं, आणि त्या निमित्तानें आम्हीं त्या नगराची माहिती मिळविली. ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नांव पाहूं. मासाई लोकांच्या भाषेंत ‘एन्कारे न्यीरोबी’ म्हणजे थंड पाणी. गुरें घेऊन हिंडणारे हे लोक ज्या ओढ्यावर आपलीं जनावरें पाजीत, त्या ओढ्यावरून नगरास हें नांव मिळालें. संस्कृतांत ‘शीतोदका’ म्हटलें तर चालेल. रूढीनें शब्दाचा मूळ अर्थ झांकला जातो असें व्याकरणकार सांगतात; येथें तो झांकला गेला इतकेंच नव्हे, उलटा झाला आहे.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा लोहमार्ग इंग्रजांनीं १८९६ मध्यें बांधावयास घेतला. त्या कामासाठीं हिंदुस्थानांतून, मुख्यत्वें पंजाबांतून, सुमारें ३२ हजार मजूर नेण्यांत आले. त्यांपैकीं सुमारें अडीच हजार तिकडेच मरण पावले. १८९९ च्या मे महिन्याच्या अखेरीस रूळ या ओढ्याशीं येऊन पोंचले. पुढें डोंगराची चढण आणि पलीकडे प्रचंड खोल दरी. त्यापूर्वींची सपाट जागा हीच शेवटची, आणि एंजिनांस पाणीही जवळ. म्हणून येथें कारखाना झाला, गुदामें झालीं, कारकुनांचीं घरें झालीं. नगर वसवावें असा कोणाचा संकल्पच नव्हता. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांच हजार फूट उंचीमुळें हवा मात्र सुखद.

हवा चांगली, पण जमीन वाईट. आपल्याकडील कापसाच्या काळ्या जमिनीसारखीच ती. पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते, आणि पाणी सोडीत नाहीं. पिकास उत्तम, घराच्या पायास शत्रु. १९०२ मध्यें तेथें प्लेग झाला. अधिकाऱ्यांनीं हिंदी व्यापाऱ्यांचा सबंध बाजार जाळून टाकला. ही जागा सोडून नगर दुसरीकडे न्यावें असें डॉक्टर लोक म्हणूं लागले, परंतु तोंवर रेल्वेचा पैसा तेथें गुंतलेला होता. नगर हललें नाहीं. उलट १९०५ मध्यें त्यास राजधानीचा मान मिळाला.

आतां पुढील गोष्ट आम्हांस फार बोधक वाटली. पश्चिमेस व उत्तरेस उंचवट्यावर तांबडी माती आहे, तिच्यांतून पाण्याचा निचरा होतो. तेथें गोऱ्यांचे बंगले उठले. मध्यें, बाजाराच्या आसपास, हिंदी लोक राहिले. पूर्वेच्या काळ्या, चिखलट सपाटीवर आफ्रिकनांची वस्ती. ज्यांचा देश त्यांच्या वांट्यास सर्वांत वाईट जमीन! १९१३ मध्यें सिंप्सन नांवाच्या तज्ज्ञ डॉक्टरांनीं, जे पूर्वीं कलकत्त्यास आरोग्याधिकारी होते, या वांटणीस वैद्यकशास्त्राचा आधार देऊन ती पक्की करावी असें सुचविलें. रोगाच्या नांवानें माणसें दूर ठेवण्याची ही रीत आम्हांस अपरिचित वाटूं नये. गांवकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावें लागत नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर तर आफ्रिकन पुरुषाच्या गळ्यांत ‘किपांडे’ नांवाचें ओळखपत्र पत्र्याच्या डबींत अडकविण्यांत आलें. नगरांत यावें, राबावें व काम संपतांच निघून जावें, अशी सरकारची अपेक्षा. १९४८ मध्यें नगररचनेचा मोठा आराखडा झाला, त्याचें नांवच ‘वसाहतीची राजधानी’ या धर्तीचें होतें. १९५० मध्यें राजाच्या सनदेनें नैरोबीस महानगराचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीं मक्खनसिंग या शीख कामगारपुढाऱ्यानें भर सभेंत पूर्व आफ्रिकेस संपूर्ण स्वातंत्र्य मागितलें व पुढें अनेक वर्षें बंदिवास भोगला. मूळ गोव्याचें घराणें असलेले पियो गामा पिंटो हेही याच चळवळींतले. स्वातंत्र्य आलें १९६३ च्या डिसेंबरांत. आणि १९६५ मध्यें पिंटो यांचा नैरोबींतच गोळ्या घालून खून झाला.

स्वातंत्र्यानंतर दारें उघडलीं. १९४८ मध्यें जेथें सव्वा लाखाच्या आंत माणसें होतीं, तेथें २०१९ च्या शिरगणतींत ४३,९७,०७३ भरलीं. सुशिक्षित मंडळी म्हणतात, गर्दीनें नगर बुडालें. आम्हांस हें निदान अपुरें वाटतें. राबणाऱ्यानें रात्रीं कोठें निजावें याचा विचारच ज्या आराखड्यांत नव्हता, त्यांत राबणारेच बहुसंख्य झाले. मग ते नदीच्या कांठीं, रुळांच्या कडेला, जेथें कोणी हटकीत नाहीं तेथें राहिले.

किबेरा ही त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध वस्ती. इंग्रजांच्या पलटणींतील सुदानी न्युबी शिपायांना विसाव्या शतकाच्या आरंभीं हें रान राहण्यास मिळालें, पण जमिनीचा कागद मिळाला नाहीं. त्यांच्या वंशजांस २८८ एकरांची सनद मिळाली ती २०१७ मध्यें! किबेऱ्याची लोकसंख्या कोणी दहा लाख सांगत असत. २००९ च्या शिरगणतींत ती १,७०,०७० निघाली. मोजल्यावांचून दया करणारे फार, हा आमचा जुना अनुभव आहे.

आणि पाणी? नगराचें बहुतेक पाणी आतां आबेरडेर पर्वताच्या उतारावरील, १९९४ मध्यें पुऱ्या झालेल्या न्दाकाइनी धरणांतून येतें. धरणाची धारणशक्ति सुमारें सात कोटी घनमीटर. पण पाऊस हुकला कीं सारें नगर ताटकळतें. २०१७ च्या आरंभापासून पाण्याची पाळी लागली. उंच भागांतल्या बंगल्यांत टाकी असते, टँकर येतो. वस्तींतल्या बाईस वीस लिटरचा पिंवळा कॅन विकत घ्यावा लागतो, आणि मापानें पाहतां नळवाल्यापेक्षां तिला पाणी महाग पडतें. किबेऱ्यांत हल्लीं कांहीं ठिकाणीं नळ जमिनींतून न नेतां खांबांवरून, तारांसारखे, डोक्यावरून नेले आहेत. खालचे नळ गटाराच्या पाण्यानें नासतात व चोर फोडतात, म्हणून ही युक्ति. आम्हांस ती फार आवडली.

२०२४ च्या एप्रिलांत मात्र पाणी मागितल्यावांचून आलें. पावसानें नद्या फुगल्या, माथारे नदीच्या कांठचीं घरें वाहून गेलीं. देशभर दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. सरकारनें नदीपासून तीस मीटरांच्या आंतील लोकांस निघून जाण्याचा हुकूम दिला, आणि उरलेलीं घरें यंत्रांनीं पाडलीं. नदीस तिची वाट हवी हें खरें. पण तींत राहणाऱ्यांस दुसरी वाट कोणती, हें कोणी नीट सांगितलें नाहीं.

त्याच सुमारास आमच्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो राहतो उंचावरच्या तांबड्या मातीच्या भागांत. त्याच्या घरीं केरवारे व भांडीं करणाऱ्या बाई माथाऱ्याच्या कांठीं राहात. पुरानंतर दोन दिवस त्या आल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमींच्या वेळीं दारांत उभ्या राहिल्या, पायांत जोडा नव्हता, हातांत पिंवळा कॅन होता. घर गेलें, पोरें शाळेच्या इमारतींत आहेत, एवढें सांगून त्यांनीं विचारलें, आज नळाची पाळी आहे का, कॅन भरून घेऊं का? पाळी नव्हती, टाकींत मात्र पाणी होतें. त्यानें कॅन भरून दिला, आणि त्या दिवसापासून रोज दोन कॅन भरून दाराशीं ठेवतो असें त्यानें लिहिलें आहे.