घोड्याला आधी चाल शिकवा!

जुन्या मसल कारचा प्रोजेक्ट म्हटलं की पहिली चर्चा इंजिनाची. पण गाडी खरी बदलते ती तिच्या खाली, आणि तिच्यातून काय काढलं त्यावर.

हे रील तुम्हीही पाहिलं असेल. अमेरिकेतलं कुणाचं तरी गॅरेज, धूळ खात पडलेली साठच्या दशकातली मस्टँग, आणि 'प्रोजेक्ट' सुरू! ते बघताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "इंजिन कुठलं टाकणार? हॉर्सपॉवर किती?"

खरं सांगू? इथेच गडबड होते.

सरळ रस्त्याची राणी

मस्टँग आली 17 एप्रिल 1964 ला. जाणकार तिला मसल कार न म्हणता 'पोनी कार' म्हणतात, पण दुखणं दोघींचं सारखंच. दिसायला झकास, पण खालचा बराचसा सांगाडा फोर्डच्या फाल्कन या साध्या फॅमिली कारचा. पुढे बिडाचं जडशीळ व्ही-8 इंजिन, मागे पाट्यांवर बसवलेला अख्खा अ‍ॅक्सल. सरळ रस्त्यावर पळायला एकदम भारी. वळण आलं की मात्र गाडी एका बाजूला कलते आणि नाक बाहेरच्या बाजूला सरकतं. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मागचे पाटे पिळवटतात आणि चाकं उड्या मारायला लागतात. आता अशा गाडीत आणखी 100 हॉर्सपॉवर टाकून काय होणार? उड्या वाढतील, बाकी काही नाही.

शेल्बीने काय केलं?

कॅरोल शेल्बी हा 1959 ची ल माँ शर्यत जिंकलेला ड्रायव्हर. मस्टँगला रेसिंगमध्ये उतरवायचं काम फोर्डने त्याच्याकडे दिलं. पण चार सीटची गाडी स्पोर्ट्स कारच्या वर्गात चालणार नव्हती. मग शेल्बीने मागची सीटच काढून टाकली आणि तिथे फायबरग्लासची फळी टाकून स्टेपनी ठेवली. बॉनेट फायबरग्लासचं केलं. सुरुवातीच्या गाड्यांत तर बॅटरीसुद्धा पुढून उचलून डिकीत नेली.

मग मोर्चा सस्पेन्शनकडे. पुढच्या वरच्या कंट्रोल आर्मसाठी नवी भोकं पाडून तो एक इंच खाली बसवला. ही कल्पना फोर्डचा इंजिनिअर क्लाउस आर्निंग याची. एका इंचाने काय होतं? गाडी वळणावर कलली तरी बाहेरचं चाक कमी कलतं, त्यामुळे टायर रस्त्याला नीट चिकटून राहतो. सोबत जाड अँटी-रोल बार, कोनीचे शॉकअप आणि अ‍ॅक्सल पिळवटू नये म्हणून मागे ट्रॅक्शन बार.

आणि इंजिन? 271 वरून 306 हॉर्सपॉवर. फक्त 35 ची वाढ! ही 1965 ची जीटी 350. अमेरिकेतल्या बी-प्रॉडक्शन वर्गाची राष्ट्रीय स्पर्धा तिने 1965, 66 आणि 67 अशी सलग तीन वर्षं जिंकली.

किलोचं गणित

कॅल्क्युलेटर काढा. समजा गाडी 1400 किलोची आणि 250 हॉर्सपॉवरची आहे. 100 किलो कमी केले, तर पिकअप साधारण 270 हॉर्सपॉवर असल्यासारखा मिळतो. वर बोनस असा, की 20 हॉर्सपॉवर वाढवून ब्रेक सुधारत नाहीत आणि वळणंही सोपी होत नाहीत. वजन उतरवलं की हे सगळंच सुधारतं.

पण प्रत्येक किलो सारखा नसतो. छतावरचा किलो वाईट, कारण तो गाडीला कलवतो. नाकावरचा वाईट, कारण तो वळू देत नाही. चाकांमधला तर जास्तच वाईट. रिम, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली असतात. ते जड असले की खड्ड्यातून उसळलेलं चाक पुन्हा रस्त्यावर टेकवायला शॉकअपला जास्त झटावं लागतं. म्हणून हलकी रिम्स हा निव्वळ शो नसतो.

कुठे थांबायचं?

काढायला लागलं की हात थांबत नाही. गालिचे गेले, एसी गेला, आता बंपर काढू, दरवाज्यातल्या सळया काढू! थांबा. शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरभोवती रोल केज असतो, रस्त्यावरच्या गाडीत नसतो. बेल्ट, बंपर, ब्रेक यांचं वजन 'फालतू' नाही, ते तुमच्यासाठी आहे. शेल्बीच्या ग्राहकांनाही मागची सीट हवीच होती. 1966 मध्ये ती पर्याय म्हणून परत आली.

आणि आपल्याकडे?

आपल्या पार्किंगमध्ये मस्टँग नाही, पण खुमखुमी आहेच. गाडी 'लो' दिसावी म्हणून स्प्रिंग कापायची टूम अजून गेलेली नाही. कापलेली स्प्रिंग आखूडही होते आणि कडकही. शॉकअपला हलायला जागा उरत नाही आणि स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासतं. कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावून सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग हौस भागवायची कुठे? तुमच्या कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये! तिथे गाडी नव्यानेच बनते, कापाकापीला पूर्ण मुभा. फक्त परीक्षक प्रत्येक नटमागे एकच प्रश्न विचारतात, "हे असंच का?"

तुमच्या स्वप्नातल्या प्रोजेक्टलाही आधी हाच प्रश्न विचारा. हॉर्सपॉवरचं नंतर बघू.

प्रोजेक्टचा क्रम
• आधी वजनकाटा. पुढे किती, मागे किती, लिहून ठेवा.
• झिजलेले रबर बुश आणि बॉल जॉइंट बदला. निम्मी जादू इथेच असते.
• चांगले टायर, नीट ब्रेक.
• मग शॉकअप, अँटी-रोल बार, स्प्रिंग.
• प्रत्येक बदलानंतर व्हील अलाइनमेंट.
• इंजिन? सगळ्यात शेवटी!