डेटाबेसच्या पोटात (भाग ६): न विचारता मिळणारा नंबर

गेल्या भागात ऑटो-इन्क्रिमेंट पाहिलं: नवी नोंद आली की मागच्या आकड्यात एक मिळवायचा. सगळं एकाच सर्व्हरवर आहे तोवर हे बिनबोभाट चालतं. पण एक सर्व्हर पिंपरीत, दुसरा चाकणला आणि मधली लाइन बंद पडली, की दोन्हीकडे १०४२ नंबरची नोंद पडते. संध्याकाळी डेटा एकत्र करताना त्यातली कुठली ठेवायची?

वाहन उद्योगाने हा गुंता चेसिस नंबरात केव्हाच सोडवलाय. पासिंगच्या वेळी चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली की १७ अक्षर-आकडे उमटतात. पहिल्या तीन जागा उत्पादकाच्या: टाटा मोटर्सची एमएटी, महिंद्राची एमए१, बजाज ऑटोची एमडी२. पुढे मॉडेलचा तपशील, बहुतेक गाड्यांत दहाव्या जागी वर्ष, अकराव्या जागी कारखाना आणि शेवटी अनुक्रमांक. आय, ओ, क्यू ही अक्षरं मुळातच वगळलेली, कारण एक आणि शून्याशी गल्लत होते. सुरुवातीची अक्षरं एकदा वाटून दिली की पिंपरीतल्या टाटांना चाकणच्या बजाजला काही विचारावं लागत नाही. मर्यादा एकच: वर्षाचं अक्षर ३० वर्षांनी फिरून येतं. १९८० चं ए २०१० ला पुन्हा आलं.

ट्विटरने २०१० मध्ये आणलेली स्नोफ्लेक पद्धत याच घाटाची. ४१ बिट वेळेला, १० यंत्राला, १२ अनुक्रमांकाला. म्हणजे एका यंत्रावर मिलिसेकंदाला ४०९६ नंबर. पण यंत्राचं घड्याळ मागे सरकलं की पंचाईत.

यूयूआयडी या १२८ बिटांच्या नंबर-पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत अशी वाटणीच नाही. १२८ पैकी ६ बिट ठरलेले, उरलेले १२२ निव्वळ यादृच्छिक. सेकंदाला १०० कोटी नंबर काढत राहिलात, तर एक तरी जोडी जुळण्याची शक्यता निम्म्यावर यायला सुमारे ८५ वर्षं लागतील. एवढी जोखीम घ्यायला माझी हरकत नाही. मात्र आकडे तयार करणारं साधन चांगलं हवं. ते फुटकळ असेल तर हा हिशेब कोलमडतो.

खरी कुरकुर वेगळीच आहे. इंडेक्स क्रमाने लावलेला असतो आणि हे नंबर त्यात कुठेही घुसतात. दर नोंदीला वेगळं पान उघडायचं, भरलेलं असेल तर फोडायचं. टेबल मेमरीत मावेनासं झालं की लिहिण्याचा वेग पडतो. म्हणून मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ ने सातवी आवृत्ती प्रमाणित केली: आधी ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ, मग मुख्यतः यादृच्छिक भाग. नव्या नोंदी शेवटाकडेच पडतात. पोस्टग्रेस १८ मध्ये तर त्यासाठी तयार फंक्शनच आहे.

नव्या टेबलाला मी सातवीच घेईन. फक्त त्या नंबरातून नोंद कधी झाली ते कुणालाही वाचता येतं. ग्राहकाला दिसणाऱ्या लिंकमध्ये ते नको असेल, तर तिथे चौथी बरी.