संगणकीय खेळांची बाजारपेठ : प्रकाशक परक्या दुकानात माल ठेवण्यास का कचरतात?

संगणकीय खेळ खोक्यातून, चकतीच्या रूपाने विकला जाण्याचे दिवस मागे पडले आहेत. वैयक्तिक संगणकावरील खेळ आज प्रामुख्याने आंतरजालावरील दुकानांतून विकत घेतला जातो आणि थेट ग्राहकाच्या संगणकावर उतरवून घेतला जातो. अशा मालाला गोदाम लागत नाही, वाहतूक लागत नाही, की दुकानाच्या फळीवर जागाही लागत नाही. त्यामुळे प्रकाशकाने आपला खेळ शक्य त्या प्रत्येक दुकानात ठेवावा, हेच व्यापारी शहाणपण ठरायला हवे. साबणाचा कारखानदार अमुक एका वाण्याला माल देणार नाही, असे सहसा म्हणत नाही. प्रत्यक्षात मात्र २०११ नंतरच्या दशकात अमेरिका व युरोपातील काही मोठे खेळप्रकाशक नेमके उलट वागले. सर्वाधिक गर्दीच्या दुकानातून त्यांनी आपले नवे खेळ दूर ठेवले, स्वतःची दुकाने थाटली आणि पुढे त्यातील बहुतेकांना पुन्हा त्याच गर्दीच्या दुकानात परतावे लागले. डिजिटल मंचांमधील स्पर्धा कशी चालते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यासाठी हा सारा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे.

दुकान आणि खातेवही

या बाजारातील सर्वांत मोठे दुकान म्हणजे ‘स्टीम’. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी स्थापन केली. आपल्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या ग्राहकांपर्यंत पोहोचवण्यासाठी या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम ही आज्ञावली सुरू केली. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ हा तिचा गाजलेला खेळ आला. तो दुकानातून चकतीवर घेतला तरी स्टीमवर खाते उघडल्याशिवाय चालत नसे. त्या वेळी ग्राहकांनी याबद्दल बरीच कुरकुर केली. परंतु खाते उघडले गेले ते गेलेच. २००५ पासून व्हॉल्व्ह इतरांचे खेळही विकू लागली. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी उपस्थित असलेल्या वापरकर्त्यांच्या संख्येने ४ कोटींचा टप्पा ओलांडला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. वाण्याकडून साबण घेतला की व्यवहार संपतो. स्टीमवर खेळ घेतला की व्यवहार सुरू होतो. विकत घेतलेला प्रत्येक खेळ ग्राहकाच्या खात्यावरील संग्रहात जमा होतो. त्याचे मित्र, त्याची खेळातील प्रगती, त्याने लिहिलेले अभिप्राय हे सर्व त्याच खात्याशी बांधलेले असते. दुसऱ्या दुकानात जायचे तर ग्राहकाला हा संसार बरोबर नेता येत नाही. अर्थशास्त्रात याला स्थलांतराचा खर्च म्हणतात. शिवाय मित्र जेथे आहेत तेथेच नवा खेळाडू येतो आणि खेळाडू जेथे आहेत तेथेच प्रकाशक येतो. वापरकर्ते वाढतील तसे सेवेचे मोल वाढत जाण्याच्या या गुणधर्माला ‘नेटवर्क इफेक्ट’ असे नाव आहे. त्यामुळे असे दुकान म्हणजे विक्रीच्या जागेबरोबरच ग्राहकांची खातेवहीही असते. प्रकाशकांचे वर्तन समजण्यासाठी हा मुद्दा कळीचा आहे.

तीस टक्क्यांचा हिशेब

प्रकाशकांच्या नाराजीचे सर्वांना दिसणारे कारण कमिशनचे आहे. स्टीमचा प्रघात विक्रीमूल्याच्या ३० टक्के घेण्याचा होता. २०१८ च्या अखेरीस व्हॉल्व्हने त्यात टप्पे केले. एखाद्या खेळाची कमाई १ कोटी डॉलरपर्यंत असेल तोवर ३० टक्के, त्यापुढे ५ कोटी डॉलरपर्यंतच्या कमाईवर २५ टक्के आणि त्यावरील कमाईवर २० टक्के, असे हे दर आहेत. सवलत बड्यांना मिळाली आणि पूर्ण दराचा भार लहान निर्मात्यांवर राहिला, हे सहज दिसून येते. त्यानंतर काही दिवसांतच, डिसेंबर २०१८ मध्ये, ‘फोर्टनाइट’ या खेळामुळे श्रीमंत झालेल्या एपिक गेम्स या कंपनीने स्वतःचे दुकान सुरू केले आणि फक्त १२ टक्के कमिशन जाहीर केले.

या फरकाचे मोल एका साध्या उदाहरणावरून कळेल. खेळाची किंमत ६० डॉलर धरली, तर ३० टक्के कमिशन वजा जाता प्रकाशकाला ४२ डॉलर मिळतात आणि १२ टक्के वजा जाता ५२ डॉलर ८० सेंट मिळतात. पहिल्या दुकानात शंभर ग्राहकांकडून ४,२०० डॉलर मिळत असतील, तर तेवढेच उत्पन्न दुसऱ्या दुकानात सुमारे ऐंशी ग्राहकांकडून मिळते. शंभरातील वीस ग्राहक मागे राहिले तरी प्रकाशकाचे बिघडत नाही. एकविसावा मागे राहिला की तोटा सुरू होतो. स्वतःचेच दुकान असेल तर कमिशन शून्य होते आणि सत्तर ग्राहकही पुरतात. मात्र पैसे स्वीकारण्याची व्यवस्था, परतावे, तक्रारनिवारण आणि आज्ञावलीची देखभाल हा सर्व खर्च अंगावर पडतो. तेव्हा खरा प्रश्न कमिशनच्या दराइतकाच, आपल्यामागोमाग किती ग्राहक येतील याचाही होता. बड्या प्रकाशकांनी या संख्येचा अंदाज बराच आशावादी बांधला, असे आता म्हणता येते.

ग्राहक कोणाचा?

कमिशनपेक्षा खोलवरचे कारण ग्राहकाच्या मालकीचे आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी प्रकाशकाने जून २०११ मध्ये ‘ओरिजिन’ हे आपले दुकान सुरू केले. त्याच सुमारास तिचा ‘क्रायसिस २’ हा खेळ स्टीमवरून नाहीसा झाला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये आलेला ‘बॅटलफिल्ड ३’ तेथे आलाच नाही. कंपनीने त्या वेळी मांडलेली तक्रार कमिशनच्या दराची नव्हती. खेळातील पूरक भाग आणि सुधारणा आपण ग्राहकाला थेट देऊ शकत नाही, स्टीमच्या अटी आड येतात, असे तिचे म्हणणे होते. खेळाची पहिली विक्री ही कमाईची केवळ सुरुवात असते. त्यानंतर पूरक प्रकरणे, पात्रांचे पोशाख, वर्गणी असे उत्पन्न वर्षानुवर्षे चालू राहते. ते कोणाच्या खात्यावरून वाहते, यावर खेळाचे अर्थकारण ठरते.

हीच भीती दुकानदारांनाही होती. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ हा खेळ आला, तेव्हा तो कोठूनही घेतला तरी स्टीम बसवणे अनिवार्य होते. डायरेक्ट-टू-ड्राइव्ह, इम्पल्स आणि गेमर्सगेट या तीन प्रतिस्पर्धी दुकानांनी त्या वर्षीचा सर्वांत मोठा खेळ विकण्यास चक्क नकार दिला. एक प्रत विकून थोडे कमिशन मिळवायचे आणि त्याबरोबर आपला ग्राहक स्पर्धकाच्या दारात नेऊन सोडायचा, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. त्यांचा तर्क बरोबर होता. तरीही २०११ मध्ये यांपैकी दोन दुकाने इतर कंपन्यांना विकली गेली, हाही या कथेचा भाग आहे.

शेतमालाच्या बाजारात आडत्या आपली अडत घेतो, पण शेतकरी पुढच्या हंगामात दुसऱ्या बाजारात जाऊ शकतो आणि खरेदीदारही तेथे येऊ शकतो. येथे खरेदीदाराचे सगळे सामानच जुन्या बाजारात अडकलेले असते.

अनन्य विक्रीची किंमत

हे बंधन पैशाच्या बळावर तोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न एपिकने केला. प्रकाशकाने ठरावीक काळ आपला खेळ स्टीमवर विकू नये, त्या बदल्यात किमान विक्रीची हमी एपिकने द्यावी, असे करार झाले. प्रत्यक्ष विक्री हमीपेक्षा कमी झाली तर फरक एपिक भरून देणार होती. २०२१ मध्ये एपिक आणि ॲपल यांच्यातील खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार एकट्या २०२० साठी अशा हमींची रक्कम सुमारे ४४ कोटी डॉलर होती. ‘बॉर्डरलँड्स ३’ या एका खेळासाठीची हमी ८ कोटी डॉलरची होती. म्हणजे प्रकाशकाला मागे राहणाऱ्या ग्राहकांची जी धास्ती होती, तिचा विमाच एपिकने उतरवला.

ग्राहकांना हे रुचले नाही. ‘मेट्रो एक्सोडस’ या खेळाची आगाऊ विक्री स्टीमवर चालू असतानाच, जानेवारी २०१९ मध्ये, तो एक वर्षासाठी एपिककडे जात असल्याचे जाहीर झाले. अमेरिकेत त्याची किंमत ६० वरून ५० डॉलरपर्यंत उतरवण्यात आली. कमी कमिशनचा काही लाभ ग्राहकापर्यंत पोहोचल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. तरीही संतप्त खेळाडूंनी या मालिकेतील जुन्या खेळांना स्टीमवर प्रतिकूल अभिप्राय देण्याचा सपाटा लावला. फेब्रुवारी २०२० मध्ये हा खेळ स्टीमवर आला. एपिकचे दुकान नोव्हेंबर २०२३ पर्यंतही नफ्यात आले नव्हते, हे कंपनीच्या अधिकाऱ्याने न्यायालयातच सांगितले. २०२५ मध्ये तिने प्रत्येक खेळाच्या वर्षाला पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावरील कमिशन माफ केले.

परतीचा प्रवास

स्वतःची दुकाने थाटणाऱ्यांची पावले एकामागून एक मागे वळली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्टीमवर परतण्याची घोषणा केली. बेथेस्डा या प्रकाशकाने ‘फॉलआउट ७६’ हा खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये केवळ आपल्या आज्ञावलीवर आणला होता. तो एप्रिल २०२० मध्ये स्टीमवर आला आणि मे २०२२ मध्ये ती आज्ञावलीच बंद झाली. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चे नवे भाग ऑक्टोबर २०२२ पासून पुन्हा स्टीमवर येऊ लागले. स्टीमचे आर्थिक प्रारूप वास्तवाला धरून नाही, अशी टीका २०१९ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच प्रकाशकाच्या अधिकाऱ्याने केली होती. त्याच कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ मार्च २०२५ मध्ये पहिल्या दिवसापासून स्टीमवर होता.

परतताना त्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स किंवा युबिसॉफ्टचा खेळ स्टीमवर घेतला, तरी बहुतेक वेळा तो उघडताना त्या कंपनीची आज्ञावलीही उघडते आणि तिच्याकडे वेगळे खाते काढावे लागते. ग्राहकांना हा दुहेरी सोपस्कार जाचक वाटतो. प्रकाशकाच्या दृष्टीने मात्र तो तडजोडीचा गाभा आहे. कमिशन दिले, पण ग्राहकाची नोंद आपल्याही वहीत राहिली.

लहान निर्माते आणि किमतीची अट

लहान निर्मात्याची अडचण वेगळी असते. त्याला स्टीम सोडणे परवडत नाही आणि इतर दुकानांत जाणे फायद्याचे ठरत नाही. प्रत्येक दुकानासाठी खेळाची स्वतंत्र आवृत्ती जपावी लागते, प्रत्येक दुरुस्ती सर्वत्र पोहोचवावी लागते आणि वेगवेगळ्या दुकानांतील खेळाडूंना एकत्र खेळता यावे यासाठी जादा तांत्रिक काम करावे लागते. पाच-सहा जणांच्या चमूला हे ओझे पेलत नाही. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट समूहाने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘जीओजी’ या दुकानात खेळांना कोणतेही प्रत-संरक्षण कुलूप नसावे, अशी अट आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही उत्तम सोय. पण नक्कल होण्याच्या भीतीने अनेक बडे प्रकाशक नवे खेळ तेथे देत नाहीत. सीडी प्रोजेक्टने मात्र स्वतःचे दुकान असतानाही आपले खेळ स्टीमवर विकले.

मग लहान निर्मात्याने कमी कमिशनच्या दुकानात किंमतही कमी ठेवून ग्राहक का ओढू नयेत? येथे वादाचा मुद्दा येतो. स्टीमवर चालणारी प्रत उघडण्याचे सांकेतिक क्रमांक प्रकाशकाला अन्यत्र विकता येतात. त्यावर स्टीम कमिशन घेत नाही. मात्र स्टीमच्या ग्राहकाला तुलनेने वाईट सौदा मिळू नये, असा नियम आहे. ही अट इतर दुकानांतील स्वतंत्र प्रतींनाही लावली जाते, असा आरोप करून वुल्फायर गेम्स या लहान कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये सिएटल येथील न्यायालयात दावा दाखल केला. व्हॉल्व्हने आरोप नाकारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने २०१७ पासून कमिशन भरलेल्या प्रकाशकांच्या व निर्मात्यांच्या वतीने हा सामूहिक दावा चालवण्यास मान्यता दिली. हा आरोप सिद्ध झाला, तर कमी कमिशनचे दुकान स्वस्त का होऊ शकले नाही, याचे मोठे उत्तर मिळेल. किमतीत फरकच करता येत नसेल, तर ग्राहकाला आपला संग्रह सोडून दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही.

भारतातील संदर्भ

भारतात याच स्वरूपाचा प्रश्न भ्रमणध्वनीवरील ॲपच्या दुकानाबाबत उपस्थित झाला. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ४ मध्ये बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई आहे. वर्चस्व असणे हा स्वतः गुन्हा नाही. गुगल प्लेच्या देयक-व्यवस्थेच्या सक्तीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात गैरवापर घडण्याची वाट न पाहता मोठ्या मंचांवर आधीच बंधने घालण्याची कल्पना होती. संगणकीय खेळांच्या दुकानांना असे पूर्वनियमन लावावे काय, हा प्रश्न सोपा नाही. स्टीम हे ॲपलप्रमाणे उपकरणाला कुलूप लावत नाही; विंडोजवर कोणीही दुसरे दुकान उघडू शकतो आणि अनेकांनी उघडलेही. तेथे दार मोकळे होते, ग्राहक मात्र आपला संग्रह सोडून बाहेर पडले नाहीत.