नावाने पवित्र झालेली चित्रे

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनच्या मठात येशू ख्रिस्ताचे सहाव्या शतकातले एक चित्र आहे. मेणात कालवलेल्या रंगांनी लाकडी फळीवर काढलेल्या या मुखाची एक बाजू शांत, तर भुवई उंचावलेली दुसरी बाजू काहीशी कठोर दिसते, आणि येशूच्या ठायी मानवी व दैवी असे दोन स्वभाव एकत्र नांदतात हा सिद्धान्तच चित्रकाराने त्यातून सुचवला असावा, असे काही अभ्यासक मानतात. अशी चित्रे, म्हणजे ग्रीक परंपरेतील ‘आयकॉन’, ठेवावीत की नष्ट करावीत या वादाने आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाईन साम्राज्य ढवळून निघाले. सिनाई तेव्हा मुस्लिम सत्तेखाली असल्यामुळे सम्राटांची चित्रबंदी तेथवर पोचली नाही, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

चित्रविरोधकांना दहा आज्ञांतील मूर्तिनिषेधाचा आधार होताच. पण ७५४ च्या हिएरिया येथील धर्मपरिषदेत त्यांनी घातलेला पेच अधिक अवघड होता. चित्रात ख्रिस्ताचे केवळ मनुष्यत्व उतरते असे म्हटले, तर त्याची दोन शकले होतात. देवत्वही उतरते म्हटले, तर जे अमर्याद ते रेषेत कोंडले जाते. दमास्कसच्या योहानाने त्यापूर्वीच असे प्रतिपादन केले होते की निराकार देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, परंतु तोच देहधारी होऊन माणसांत वावरला, तेव्हा दिसलेल्या रूपाचे चित्र नाकारणे म्हणजे ते देहधारणच नाकारणे होय. पुढे स्तुदियस मठाच्या थिओडोरने चित्र स्वभावाचे नसून व्यक्तीचे असते असे सांगून तो पेच सोडवला.

७८७ च्या दुसऱ्या निकिया परिषदेने केवळ देवालाच अर्पायची आराधना आणि चित्राला द्यायचे आदरवंदन यांत भेद केला, व धूप, दिवा, चुंबन यांतून व्यक्त होणारा आदर चित्रातून मूळ व्यक्तीकडे पोचतो असे ठरवले. मराठी वाचकाला येथे प्राणप्रतिष्ठा आठवेल, आणि चित्राला पवित्र करणारा प्रार्थनाविधी कोठे आहे, हा आक्षेप विरोधकांनीही घेतला होता. परिषदेचे उत्तर असे की पुष्कळ पवित्र वस्तूंना असा विधी लागत नाही, चित्रावरचे नावच पुरेसे असते. आशीर्वादाच्या प्रार्थना नंतर रूढ झाल्या खऱ्या, तरी अंड्याच्या बलकात रंग कालवून काढलेल्या आयकॉनवर आजही नाव लिहिले जाते, आणि ते लिहिल्यावाचून चित्र पुरे झाले असे मानत नाहीत.