निळा म्हणजे दुःख, एवढंच?

शिकागोला गेलात तर तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पिकासोचं ‘द ओल्ड गिटारिस्ट’ जरूर बघा. फाटक्या कपड्यांतला एक आंधळा म्हातारा, मांडी घालून गिटार वाजवतोय. जवळजवळ सगळं चित्र निळं.

याचा अर्थ काय, असं विचारलं की पटकन उत्तर येतं: निळा म्हणजे दुःख. पण आपला कृष्णही निळाच असतो की! त्याला बघून कुणी उदास होत नाही. म्हणजे भावना एकट्या रंगात नसते.

मग कुठे असते? आधी शरीर बघा. मान खाली पडलेली, खांदे टोकदार, हातपाय लांबच लांब. ही लांबण एल ग्रेकोची आठवण करून देते. हा माणूस उभा राहिला तर चौकटीत मावणारच नाही, असं वाटतं. त्याला जागाच कमी दिली आहे. आणि गिटार? ती तेवढी तपकिरी, उबदार. सगळं गेलं तरी एवढं उरलंय, हे आपल्याला कुणी न सांगता कळतं.

आता संदर्भ. चित्र १९०३-०४ मधलं, बार्सिलोनातलं. पिकासो तेव्हा बावीस वर्षांचा, म्हणजे कदाचित तुमच्याच वयाचा. १९०१ मध्ये त्याचा जवळचा मित्र कार्लेस कासाजेमास याने पॅरिसमध्ये आत्महत्या केली होती. पुढची काही वर्षं पिकासो गरीब, आंधळी, एकटी माणसं निळ्या रंगात रंगवत राहिला.

इथे एक गंमत आहे. म्हाताऱ्याच्या मानेच्या वर नीट बघितलं तर एका बाईचा पुसटसा चेहरा दिसतो. क्ष-किरण तपासणीत खाली दुसरंच चित्र सापडलं: एक तरुण आई आणि तिचं मूल. ही म्हाताऱ्याची हरवलेली माणसं असतील का? मोह होतो खरा. पण साधं कारण असं, की पिकासोकडे पैशांची चणचण होती आणि त्याने जुनीच फळी पुन्हा वापरली.

म्हणून मी स्वतःला दोन वेगळे प्रश्न विचारते: चित्रकाराने इथे काय ठेवलं? आणि मला इथे काय सापडलं? दुसऱ्याचं उत्तर तुमचं स्वतःचं असू शकतं, आणि त्यात काही चूक नाही. फक्त ते पिकासोच्या नावावर खपवू नका.